बाल्कनीला ठिबक विकू नका, निदान पहिल्या भेटीत तरी



रविवारच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेले आणि खाली कमेंटमध्ये धुरळा उडाला. वाक्य असं होतं, "पंधरा-वीस कुंड्यांच्या बाल्कनीला ठिबक विकू नका." काहींनी विचारलं, मॅडम, तुमचंच दुकान पाईप-ठिबकचं, मग असं कसं? बऱ्याच जणांनी तर माझाच जुना व्हिडिओ शोधून खाली चिकटवला, "साठ हजारात ठिबक किटचा धंदा". त्यांचं बरोबर आहे. तो व्हिडिओ माझाच आहे आणि त्यातलं निम्मं मी आज मागे घेतेय. बारा मिनिटांत ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी काय झालं ते सांगते.

त्या जुन्या व्हिडिओनंतर आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी माझ्याच दुकानातून चाळीस किट नेली. एका किटमध्ये तीस कुंड्यांचा माल: 16 मिमीची नळी, मायक्रोट्यूब, ताशी दोन लिटरचे ड्रिपर, छोटी गाळणी, एंड कॅप आणि बॅटरीवरचा टायमर. त्यांना पडलं 1,450 ला, विकायचं 2,400 ला. किटमागे 950 रुपये सुटतात. फळ्यावर हा हिशोब फार सुंदर दिसतो. फळ्यावर मीच लिहिला होता.

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची 23 किट गेली. मे महिन्यात फोन यायला लागले. कुणाची शेवटच्या रांगेतली झाडं वाळली, कुणाच्या ड्रिपरमधून थेंबच पडेना, कुणाचा टायमर सुरू होतो पण बंद होत नाही. त्यातलं एक घर मला अजून डोळ्यासमोर येतं. त्या गावात नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं. गच्चीवर हजार लिटरची टाकी, तेवढ्यात सगळं घर भागवायचं. ड्रिपरमधून पाणी येईना म्हणून त्यांनी ड्रिपर काढून टाकले आणि नुसत्या मायक्रोट्यूब कुंड्यांत सोडल्या. मग दोन दिवस सगळे लग्नाला गेले. टायमरचा व्हॉल्व्ह उघडला तो नीट मिटलाच नाही. परत आले तर टाकी कोरडी, गच्चीवर शेवाळ धरलेलं आणि नळाला पाणी यायला अजून तीन दिवस. घरात लहान मूल. पाणी वाचवायचं म्हणून 2,400 रुपये घालून आणलेल्या वस्तूने त्यांच्या घरातलं सगळं पाणी घालवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई दुकानात आल्या, हातात दोन मोठ्या पिशव्या. भांडल्या नाहीत. परत आलेली नऊ किट काउंटरवर मांडली आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतःच्या घरी हे लावलंय का?"

नव्हतं लावलं. माझ्याकडे तेव्हा बाल्कनीत अकरा कुंड्या होत्या आणि मी त्यांना मगाने पाणी घालत होते.

तर आता मुद्द्यावर येऊ. किट खराब होतं का? नाही. तेच किट माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बंगल्याच्या अंगणात आजही मस्त चालतंय. चूक मालात नव्हती, चूक पाहणी न करता माल विकण्यात होती. आणि ती सवय मी तुम्हाला लावली.

प्रेशरचं गणित समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. शेतकरी ज्याला "एक किलो प्रेशर" म्हणतात, तेवढं मिळायला पाणी ढोबळमानाने दहा मीटर उंचीवर असावं लागतं. तीन मजली घराच्या गच्चीवर टाकी आणि खाली अंगणात बाग असेल तर ते आपसूक मिळतं. पण बागच गच्चीवर असेल तर? टाकी चार-पाच फुटांच्या ओट्यावर, कुंड्या खाली फरशीवर. उंचीचा फरक दीड मीटर. म्हणजे प्रेशर पाव किलोसुद्धा नाही. आणि आपण किटमध्ये काय देतो? प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, ज्यांना नीट चालायला साधारण अर्धा ते एक किलो लागतं. ते थेंब टाकणार कसे? टायमरचंही तसंच. स्वस्त टायमरमध्ये बऱ्याचदा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या आतला पडदा पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतो. दाब नसेल तर तो अर्धवट उघडा राहू शकतो. लग्नाला गेलेल्या त्या घरात हेच झालं. गच्चीसाठी बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यायचा, तो टाकीच्या साध्या उतारावरही उघड-मीट करतो. दोन्ही टायमर बाहेरून सारखेच दिसतात आणि किमतीत फार फरक नसतो. पण खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं, आणि मी व्हिडिओत एक शब्दही बोलले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, ठीक आहे, टायमर बदलू, ड्रिपर बदलू, पण ठिबकने पाणी वाचतं हे तर खरं ना? शेतीत सगळे सांगतात.

शेतीत खरंच आहे. 1965 मध्ये इस्रायलच्या हत्झेरिम किबुत्झमध्ये नेटाफिम सुरू झाली, पुढे आपल्या जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबक इथल्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेलं. ऊस, केळी, डाळिंब, कापूस, सगळीकडे फरक दिसतो. पण तो फरक कशाच्या तुलनेत? मोकाट पाण्याच्या. पाटाने सरीत पाणी सोडलं की झाडाला लागतं थोडं, बाकी दोन ओळींमधली जमीन पिते, उन्हाने उडतं, खाली मुरतं. ठिबक ते सगळं थांबवतं.

कुंडीत दोन ओळींमधली जमीन कुठे आहे? कुंडी म्हणजे भांडंच. तुम्ही त्यात मगाने नेमकं पाणी घातलंत तर ते झाडाच्या मुळाशीच जातं. जास्त घातलंत तर खालच्या भोकातून बाहेर येतं, आणि ते ठिबकनेही येतं. त्यामुळे शेतीतले बचतीचे टक्के बाल्कनीच्या खोक्यावर छापणं मला पटत नाही. आमच्या धंद्यातले बरेच जण छापतात. मीही बोर्डवर लिहिलं होतं, आता पुसलंय.

हिशोब करून बघू. ताशी दोन लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटं चालवला तर अर्धा लिटर. तीस कुंड्यांना 15 लिटर. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ धरा, 30 लिटर. आता मगवाला: लिटरचा मग, तीस कुंड्या, दिवसातून एकदा, 30 लिटर. आलं का लक्षात? अगदी तेवढंच. उलट मगवाला माणूस कुंडीकडे बघतो, ओली असेल तर पुढे जातो. टायमर बघत नाही.

आता पाईपवाला बघा. बादली घ्या, पाईप त्यात सोडा, मोबाईलवर वेळ लावा. 15 लिटरची बादली मिनिटात भरली आणि माणूस रोज दहा मिनिटं फवारा मारत फिरतो, तर झाले 150 लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी हे सरकारी माप आहे. म्हणजे हा गडी घरातल्या एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी कुंड्या आणि फरशीवर घालतो. त्याला ठिबक द्या, आनंदाने द्या, तिथे पाणी वाचणार म्हणजे वाचणारच.

म्हणून पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न हाच: पाणी मगाने घालता, झारीने का पाईपने? या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. आणि हा प्रश्न मी माझ्या जुन्या व्हिडिओत एकदाही विचारला नव्हता.

दुसरी गोष्ट माती. आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द आहे, वाफसा. माती चिखल नाही आणि धूळही नाही, आत ओलही आहे आणि हवाही. झाडाला पाणी नको असतं हो, वाफसा हवा असतो. माझे आजोबा ढेकूळ हातात दाबून सांगायचे वाफसा आला का नाही ते. कुंडीत तेच बोटाने करायचं. दोन पेरं आत घाला. आत गार लागलं तर पाणी नको, वरची माती कितीही पांढरी दिसू दे.

कोकोपीट आल्यापासून ही फसगत वाढलीय. कोकोपीट वरून वाळतं आणि खाली ओलं असतं. गिऱ्हाईक वरचा थर बघतं, पाणी घालतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, मग त्याला वाटतं पाणी कमी पडतंय, अजून घालतं. आणि याच्या उलट, कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी धरतच नाही, पाणी कडेने सरळ खाली निघून ताटलीत येतं. अशा कुंडीला एक ड्रिपर लावला तर थेंबाखाली एक बारीक ओली रेघ जाते, बाकी गोळा कोरडा. मोठ्या कुंडीला दोन ड्रिपर लागतात, किंवा मग आधी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून गोळा पूर्ण भिजवून घ्यावा लागतो. हे ज्याला माहीत नाही त्याने लावलेलं ठिबक पंधरा दिवसांत बदनाम होतं. गिऱ्हाईक मग कंपनीला बोलत नाही. लावून देणाऱ्याला बोलतं.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे येते. हसू नका. सुगड.

संक्रांत झाली की घरोघरी पाच-पाच सुगडं उरतात. कुणी तुळशीपाशी ठेवतं, कुणी विसर्जन करतं, बरीच पोटमाळ्यावर जातात. ही कच्च्या रंगाची, बिन-चकाकीची भाजलेली माती म्हणजे पाणी पाझरणारं उत्तम भांडं. दहा-बारा इंची कुंडीत एक सुगड गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर पणती उपडी झाका. बाजूची माती कोरडी झाली की ती सुगडातून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. ना टायमर, ना बॅटरी, ना प्रेशर. शेतात लोक मोठी मडकी पुरून वेलवर्गीय भाज्या अशाच काढतात, मडका सिंचन म्हणतात त्याला, आणि ही रीत फार जुनी आहे, चीनच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या लिखाणात तिचं वर्णन सापडतं. नवीन काहीच नाही. आपण फक्त ते विकायला लाजतो, कारण वीस रुपयांच्या वस्तूवर मार्जिन किती लावणार?

पण यातही पाहणी लागतेच. रंगवलेलं सुगड चालत नाही, रंगाने छिद्रं बुजतात. विकण्याआधी पाणी भरून तासभर फरशीवर ठेवा. बाहेरून ओल दिसली तर ठीक, कोरडंठाक राहिलं तर ते पाझरणार नाही, आणि खाली डबकं झालं तर ते तडकलेलं आहे. दुसरं, बोअरचं जड पाणी वापरलं तर वर्ष-दोन वर्षांत क्षार बसून पाझर मंदावतो. जुना माठ पाणी गार करेनासा होतो ना, तेच कारण. सुगड बदलायचं, एवढंच. तिसरं, पुदिना, कोथिंबीर, मेथी अशा उथळ मुळांच्या भाजीला सुगडाचा फायदा फक्त जवळच्या झाडांना होतो, कडेच्या नाही. आणि कुंडी सहा इंची असेल तर सुगड पुरायला जागाच नाही, तिथे वातीचा जुगाड करा: खाली पाण्याचा डबा, वर कुंडी, मधून नायलॉनची किंवा पॉलिस्टरची दोरी. सुती वात लावू नका, ती कुजते. डबा कुंडीच्या बुडापासून फार खाली ठेवू नका, वात पाणी वीतभरापलीकडे नीट चढवत नाही. आणि डब्याला झाकण हवंच, नाहीतर डास होतात आणि सोसायटीत तुमचं नाव खराब.

मी कुंभारवाड्यातून एकगठ्ठा घेते. पहिल्या वर्षी कुंभार काका म्हणाले, "संक्रांत तर झाली, आता सुगडं कशाला?" सांगितलं तर त्यांना पटलं नाही. आता मार्चमध्ये स्वतःहून फोन करतात आणि गळा थोडा लांब ठेवून करून देतात, म्हणजे मातीवर दोन बोटं दिसतं. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात एक छोटा का होईना हंगाम तयार झाला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही प्रत्येकजण आपापल्या गावात हे करू शकता. माल दुसऱ्या शहरातून मागवायची गरज नाही.

सुगडापेक्षाही स्वस्त आणि सुगडापेक्षाही जास्त पाणी वाचवणारी गोष्ट म्हणजे आच्छादन. उघड्या मातीवर मेचं ऊन पडू देऊ नका. वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं (धुऊन, वाळवून, नाहीतर मुंग्या लागतात), काहीही दोन इंच पसरा. कोल्हापूरच्या दाभोलकरांनी प्रयोग परिवारात थोड्या जागेत, आजूबाजूच्या पाल्यापाचोळ्यावर बाग फुलवायला किती लोकांना शिकवलं! आपण मात्र तोच पाला झाडून पेटवतो आणि मग "वॉटर सेव्हिंग सोल्युशन" शोधत माझ्या दुकानात येतो.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल कमेंटमध्ये खूप जणांनी विचारलंय. थोडक्यात सांगते. रोज तेच पाणी कुंडीत घालू नका. आरओ क्षार काढून टाकतो, ते क्षार याच पाण्यात येतात; जमिनीत ते खाली वाहून जातात, कुंडीत साठतात. मातीवर पांढरा थर आणि पानांची टोकं करपलेली दिसली की समजा. ते फरशी पुसायला, संडासात वापरा. एसीचं पाणी मात्र बिनधास्त घाला, त्यात क्षार जवळपास नसतात.

मग धंदा काय करायचा? हा खरा प्रश्न, आणि तुम्ही माझ्याकडे त्यासाठी येता.

धंदा भेटीचा करा. पहिली भेट 300 रुपये, आणि त्या भेटीत काहीही विकायचं नाही. हातात एक लिटरची बाटली, मोजपट्टी, वही. कुंड्या मोजा, कोणत्या भिंतीला ऊन किती वेळ लागतं लिहा, टाकीची उंची मोजा, पाणी कुठलं (नळ, बोअर, टँकर) विचारा, बोट घालून पाच कुंड्या तपासा, पाईप असेल तर बादलीने मिनिटाचं माप घ्या. शेवटी एका कागदावर लिहून द्या: कोणत्या कुंडीला किती पाणी, किती दिवसांनी. हा कागद लोक फ्रिजवर लावतात. नंतर वर्षातून चार भेटी, मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर, मिळून 1,600 रुपये. ऋतू बदलला की पाण्याचं माप बदलतं, हे काम टायमर स्वतःहून करत नाही. जुलैमध्ये धो धो पाऊस पडतोय आणि खाली टायमर इमानदारीत ड्रिपर चालवतोय, हे दृश्य मी इतक्या गच्च्यांवर बघितलंय की आता हसूही येत नाही.

आता फळ्यावर पुन्हा हिशोब. ताईंची चाळीसच्या चाळीस किट विकली गेली असती तर नफा 38,000. वीस घरं, प्रत्येकी 300 अधिक 1,600 म्हणजे 1,900, तेही 38,000. फरक एवढाच की माळ्यावर माल शून्य आणि 58,000 अडकलेले नाहीत. पेट्रोल वजा करा, तुमचा वेळ धरा, मान्य. वीस घरं पहिल्या महिन्यात मिळत नाहीत, वर्ष जातं. पण दुसऱ्या वर्षी ती घरं तुमचीच असतात, आणि तेव्हा त्यांना ठिबक हवंच असेल तर ते तुम्हाला विचारतात, ऑनलाईन शोधत नाहीत.

कुणाला हवंच असतं, तेही सांगते, नाहीतर पुन्हा कमेंट येतील की मॅडम ठिबकच्या विरोधात गेल्या. चाळीसच्या वर कुंड्या किंवा ग्रो बॅग. अंगणातले वाफे. महिन्यातून आठवडाभर बाहेर असणारं कुटुंब. आणि ज्यांना बादली उचलवत नाही अशी वडीलधारी माणसं, तिथे बाराच कुंड्या असल्या तरी ठिबक द्या, माझा पंधरा-वीसचा नियम तिथे मोडा. आमच्या एका आजींचे गुडघे गेलेत, पण मोगरा सोडवत नाही. त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन लावलं, टायमरसुद्धा नाही, हाताशी एक साधी तोटी. सकाळी फिरवतात, पूजा होईपर्यंत चालू, मग बंद. फक्त गिऱ्हाइकाला हे "पाणी वाचवण्याचं यंत्र" म्हणून देऊ नका. "सोय" म्हणून द्या. सोयीचे पैसे लोक आनंदाने देतात, आणि तुम्हाला खोटं बोलावं लागत नाही.

आणि लावाल तेव्हा गच्चीवर लांब एकच नळी ओढू नका, तिचं शेवटचं टोक तहानलेलं राहतं. दोन-तीन छोट्या रांगा करा, प्रत्येकीला वेगळी तोटी. गाळणी दर पंधरा दिवसांनी धुवा, महिन्यातून एकदा एंड कॅप उघडून नळी झटका. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजवले की बरेचसे मोकळे होतात. दुपारी पाणी सोडू नका, काळ्या नळीतलं पाणी गच्चीवर हाताला चटका बसेल इतकं तापतं. हे सगळं करून द्यायला माणूस लागतो, तो माणूस तुम्ही व्हा. अनुदान मिळेल का, हा प्रश्नही दर बॅचला येतोच. "प्रति थेंब अधिक पीक" योजनेला सातबारा लागतो. बाल्कनीचा सातबारा अजून कुणी काढलेला नाही.

हे सगळं इतक्या पोटतिडकीने का लिहितेय? कारण बागेचा धंदा पाण्याच्या टंचाईत सगळ्यात आधी डोळ्यावर येतो. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पिण्याचं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी आली, 5,000 रुपये दंड. आपल्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते दिवस मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीला पाणी आणणारी जुनी नहर पर्यटकांना दाखवतात, आणि त्याच शहरात लोक नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत जागतात. अशा ठिकाणी सोसायटीत टँकरचं बिल सगळ्यांमध्ये सारखं वाटलं जातं, ज्याच्याकडे एकही कुंडी नाही त्यालाही. तो शेजारी तुमच्या गिऱ्हाइकाच्या बाल्कनीतून टपकणारं पाणी बघतोय. बैठकीत तो उठून बोलला की गिऱ्हाइकाने तुमचा कागद दाखवता आला पाहिजे: बघा, माझ्या सतरा कुंड्यांना दिवसाला इतके लिटर, मोजून. तो कागद नसेल तर पहिली कुऱ्हाड बागेवर, आणि मग तुमच्यावर.

ताईंचं पुढे काय झालं ते विचारालच. परत आलेली नऊ आणि न विकलेली सतरा, अशी 26 किट मी त्यांच्या खरेदीच्या भावाने परत घेतली, 37,700 रुपये. गिऱ्हाइकांना त्यांनी 21,600 आधीच परत केले होते, पदरचे, मला न विचारता. सगळं वजा जाता त्यांच्या हातात 14 किटचे 13,300 राहिले, त्यातही फेऱ्यांचा खर्च गेला. टाकी रिकामी झालेल्या त्या घरी आम्ही दोघी गेलो. त्या वहिनींनी चहा दिला, पण टायमर दारातच काढून ठेवला होता. आता तिथे बारा सुगडं आहेत आणि वर पाचोळा. ताईंकडे आज अकरा घरं आहेत. माझ्या जुन्या हिशोबाने हे कमीच, पण मेमध्ये त्यांचा फोन तक्रारीसाठी वाजत नाही.

जुना व्हिडिओ मी काढलेला नाही, खाली पहिल्याच ओळीत हे सगळं लिहून ठेवलंय. पुढच्या बॅचला येताना प्रत्येकाने लिटरची रिकामी बाटली आणि घरातल्या पाच कुंड्यांचं सात दिवसांचं पाण्याचं माप वहीत लिहून आणायचं. माप नसेल तर बाहेर बसावं लागेल, मग तक्रार नको.

आणि हो, ती 26 किट अजून माझ्या माळ्यावर आहेत. कुणाची बाग खाली अंगणात आणि टाकी तीन मजले वर असेल तर मी निम्म्या भावात देईन. फक्त आधी टाकीचा आणि बागेचा फोटो पाठवा, उंची मोजून.